लुआनची तिथी

"यंदा मी दुसऱ्या दिवशी येतो," दादा फोनवर म्हणाला, आणि माझ्या हातातली सुतळी निसटली. काउंटरवर गर्दी होती. वर्ष संपायला आलं की आमच्या सरकारी दुकानात पुस्तकं कुणी विचारत नाही, सगळे कॅलेंडरांवर तुटून पडतात. रोज एक पान फाडायचं ते विटेएवढं जाड कॅलेंडर, वर सूर्याची तारीख, खाली चंद्राची तिथी. मी दिवस विकते, असं मी गमतीनं म्हणते. समोरची बाई काउंटरवर बोटं वाजवत होती, मागून कुणीतरी ओरडत होतं, "ओ ताई, उरका की!" आणि मी फोन कानाशी धरून मूर्खासारखं विचारलं, "कुठल्या दुसऱ्या?" जसं काही मला कळलंच नव्हतं. "तेतच्या," तो म्हणाला. "लुआनच्या तिथीला. तिसऱ्या नाही, दुसऱ्या दिवशी. आईला सांग. किंवा नको सांगू. मी येतो." मग त्यानं फोन ठेवला. मी त्या बाईला कॅलेंडर बांधून दिलं, पैसे घेतले, पुढच्या माणसाला नको ते कॅलेंडर काढून दाखवलं, आणि त्यानं "हे गेल्या वर्षीचं आहे" म्हटल्यावर उगाच त्याच्यावरच खेकसले.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे वाक्य म्हणजे काहीच नव्हतं. पाहुणा एक दिवस आधी येतो, त्यात काय? पण आमच्या घरी गेली पंधरा-सोळा वर्षं हाच एक दिवस भांड्यातल्या खड्यासारखा वाजतो आहे. माझा धाकटा भाऊ लुआन अडुसष्टच्या तेतमध्ये मेला, चंद्राच्या नव्या वर्षाच्या सणात. आईच्या हिशेबानं तेतच्या दुसऱ्या दिवशी, दादाच्या हिशेबानं तिसऱ्या. दोघांचंही खरं आहे, हीच तर पंचाईत आहे. देश तेव्हा दोन होते आणि पंचांगंही दोन. आम्ही सायगावात जुनंच पंचांग वापरत होतो, पेकिंगच्या घड्याळावर बसवलेलं. उत्तरेनं आदल्या वर्षी ते मोडून नवं केलं, हनोईच्या घड्याळाचं. चंद्र एकच, पण त्या वर्षी अमावास्येची घटका नेमकी अशी आली की हनोईच्या घड्याळात मध्यरात्र व्हायची होती आणि पेकिंगच्या घड्याळात ती होऊन गेली होती. तेवढ्यावरून त्यांचं वर्ष आमच्या एक दिवस आधी सुरू झालं. युद्ध संपलं, त्यांचं पंचांग सगळ्यांचं झालं, आणि दादा म्हणाला की लुआनची तिथी आता तिसऱ्या दिवशी करायची. देश एक, पंचांग एक. आई तोंडानं हो म्हणाली. तेव्हापासून तिसऱ्या दिवशी पाहुणे, चार भाज्या, मासा, दादा, वहिनी, दादाचे साहेबलोक. आणि आदल्या दिवशी आई एकटी उठून एक वाटी भात, नारळाच्या पाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि दोन चॉपस्टिक्स फोटोपुढे ठेवायची, उभ्यानं काहीतरी पुटपुटायची आणि ते सगळं नंतर मला खायला लावायची. हे दादाला ठाऊक आहे, हे आईला ठाऊक आहे, आणि दोघंही काही बोलत नाहीत.

सायकल काढली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. रस्त्यावर पिवळ्या फुलांच्या कुंड्या घेऊन सायकलरिक्षावाले चालले होते, होंडा मोटरसायकलींच्या मागं संत्र्याची झाडं बांधलेली, लोक आनंदात एकमेकांना शिव्या देत होते. मला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरलो आहोत, नळ उघडा, चूल पेटती. हा माणूस कधी माघार घेत नाही. लष्करात होता तेव्हाही नाही, निवृत्त झाल्यावरही नाही, वहिनीशी भांडतानासुद्धा नाही. मग आता का? आजारी आहे का? आईच्या दुखण्यामुळे का? आईच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले की पावसाळा काही ती बघणार नाही. हे मी दादाला मागच्याच महिन्यात सांगितलं, तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि चहात साखर ढवळत बसला. बरं! मला त्याची ती उत्तरेकडची थंड रीत कधी पचली नाही, खरं म्हणजे मीही तिकडचीच असून.

आम्ही चौपन्न साली दक्षिणेत आलो. बाबा फ्रेंचांच्या लढाईत आधीच गेले होते. जिनिव्हात मोठ्या देशांनी नकाशावर रेघ ओढली, वरचं त्यांचं, खालचं यांचं, आणि ज्यांना इकडून तिकडे जायचं त्यांना काही महिने दिले. मामा फ्रेंचांच्या कचेरीत कारकून होता, त्याला भीती वाटली, त्यानं आईला घाबरवलं. आम्ही हायफाँगच्या धक्क्यावर अमेरिकन बोटीत चढलो, आई, मी आठ वर्षांची आणि लुआन सहाचा. विन्ह दादा दहाचा होता. त्याला आजोबांनी सोडलं नाही. थोरला नातू पूर्वजांच्या थडग्यांपाशी राहतो, ते म्हणाले, तुम्हाला जायचं तर जा. आणि सगळेच म्हणत होते की दोनच वर्षं, मग निवडणुका होतील, मग देश पुन्हा एक, मग परत या. निवडणुका कुणीच होऊ दिल्या नाहीत. दोन वर्षांची एकवीस झाली. बोटीवर आम्हाला दुधाची भुकटी दिली, लुआनला तिनं हगवण लागली, आणि आई त्याला कठड्यापाशी धरून उभी होती, किनाऱ्याकडे पाठ करून. तिनं मागे वळून बघितलं नाही. त्यात माया नव्हती असं लोकांना वाटेल, पण मी तिची साडेसात-आठ वर्षांची सावली होते, मला ठाऊक आहे की वळली असती तर तिनं उडी मारली असती.

मग इकडे अमेरिकन आले, तिकडे रशियाच्या आणि चीनच्या गाड्या आल्या. लुआनला अठरा पुरी झाली आणि त्याला अमेरिकन बंदूक मिळाली. दादाला तिकडे चिनी मिळाली. बंदुका बाहेरच्या, पोरं तेवढी घरची. पंचाहत्तरच्या मे महिन्यात टायरच्या चपला आणि हिरवा टोप घातलेला एक वाळका अधिकारी आमच्या दारात उभा राहिला. आईनं त्याला विचारलं, "कोण हवंय, साहेब?" त्यानं नाव सांगितलं. आईनं दाराची चौकट धरली. पण तोंडातून साहेब गेलं ते गेलंच, ते पुढे तिनं कधी मागे घेतलं नाही. "साहेबांना चहा दे." "साहेब, बसा ना तुम्ही." लोकांना वाटायचं म्हातारी अभिमानानं म्हणते. दादाला काय वाटायचं ते त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्यावरून मला कळायचं. त्यानं आमच्यासाठी खूप केलं, ते नाकारून चालणार नाही. शेजारपाजारच्या किती कुटुंबांना नव्या सरकारनं जंगल साफ करायला पाठवलं, आम्हाला कुणी हात लावला नाही. मला दुकानातली नोकरी त्याच्याच शब्दावर मिळाली. माझा नवरा होडीनं पळाला आणि कॅनडात जाऊन दुसरा संसार थाटून बसला तेव्हाही दादानंच वरती सांभाळून घेतलं. तरी आई त्याला मुलगा म्हणाली नाही. ती जाण्याआधी तिनं एकदा, एकदाच का होईना, त्याला आपलं पोर म्हणून जवळ घ्यावं, एवढीच माझी इच्छा राहिली आहे. माझ्यासाठी मी आता काही मागत नाही.

घरी आले तर आई खाटेवर बसून सुपारी कुटत होती. दात रिवाजानं काळे रंगवलेले, डोक्याला मखमलीची गुंडाळी, जुन्या उत्तरेच्या बायकांसारखी. तिला दातांनी चावता येत नाही, म्हणून ती आधी लहान खलात कुटते. "उशीर केलास," ती म्हणाली. "केळीची पानं आणलीस का?"

"आणते उद्या."

"उद्या उद्या करत तेत येईल." तिनं खल थांबवला. "थोआ, बस इथं. मी गेल्यावर दोन दोन वेळा जेवणं करत बसू नकोस. तुझ्यानं होणार नाही, तू आळशी आहेस. एकच दिवस ठेव. पण खरा ठेव."

"खरा कुठला?"

"मला विचारतेस? मी इथं होते की नव्हते?" ती हसली, काळे दात दिसले. "साहेबांना राग येईल, तर येऊ दे. साहेब त्या दिवशी इथं नव्हते."

मी सांगणार होते की साहेबच दुसऱ्या दिवशी येतायत. ओठांपर्यंत आलं होतं. पण मला वाटलं, आधी कारण कळू दे. कारणाशिवाय आनंद दिला आणि कारण वाईट निघालं तर तो परत कसा घेणार?

दुसऱ्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दादाला नदीजवळच्या टपरीवर बोलावून घेतलं. लहान स्टुलावर त्याचे गुडघे छातीपाशी आले होते. मी बर्फ घालून कॉफी मागवली, त्यानं चहाच मागितला. इतकी वर्षं सायगावात राहून हा माणूस अजून भर उन्हात कडू चहा पितो.

"काय झालंय?" मी विचारलं. "बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग दुसरा दिवस कुठून काढलास?"

पलीकडे एक पोरगी लॉटरीची तिकिटं विकत होती, तिला त्यानं हातानंच नको म्हटलं. मग नदीकडे बघत बोलायला लागला, माझ्याकडे नाही. "आम्ही डोंगरातून उतरलो होतो. समुद्रकाठचं गाव. तुकडीचा प्रमुख दक्षिणेतला, चांगला माणूस, पुढं लढाईत मेला तो. हल्ल्याचा हुकूम होता, तेतच्या पहिल्या रात्री. त्याच्याजवळ जुनं पंचांग. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की उत्तरेत काहीतरी बदललंय. हनोईहून शेवटचा आलेला मी. त्यानं मला विचारलं, विन्ह, पहिली रात्र कुठली, आज की उद्या?"

"आणि?"

"मी म्हटलं, आज. हनोईत आज तेत आहे." त्यानं चहाचा कप उचलला, प्यायला नाही. "तो म्हणाला, वरून काही निरोप येतोय म्हणतात, एक दिवस थांबायचा. वाट बघू का? मी म्हटलं, कशाला? देशाचं पंचांग एकच. तेवीस वर्षांचा होतो मी. मला सगळं ठाऊक होतं."

"मग तुम्ही..."

"गेलो. एक दिवस आधी. आम्ही एकटे नव्हतो, आणखी काही गावांतही तसंच झालं. कुणाला निरोप पोचला नाही, कुणी माझ्यासारखे शहाणे. बाकी सगळा देश दुसऱ्या रात्री उठायचा होता."

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती, कारण पुढचं माझ्याकडे होतं. आमच्या तेतची पहिली सकाळ. लुआन सुट्टीवर घरी आलेला, आईनं शिवलेला पांढरा सदरा घालून पाटावर बसलेला, पानात उकडलेली चिकट तांदळाची चौकोनी वडी बोटांनी तोडून खाणारा. आई त्याला रागावत होती की दक्षिणेत राहून तू डुकराच्या मांसात नारळाचं पाणी घालायला शिकलास, आपल्याकडे असं गोड कुणी खात नाही, आणि रागावता रागावता तेच वाढत होती. मी नखं रंगवत होते. रेडिओवर गाणं चालू होतं. मग गाणं मध्येच तुटलं. किनाऱ्यावर रात्री हल्ले झाले आहेत, सणापुरता युद्धविराम मोडला आहे, सुट्टीवरच्या सर्वांनी ताबडतोब छावणीत हजर व्हावं. लुआननं हात धुतला, अर्धी वडी तशीच ठेवली, म्हणाला, "झाकून ठेव, येतो." शेजारच्याच्या स्कूटरच्या मागं बसून गेला. त्याच रात्री सायगाववर हल्ला झाला, आणि पहाटे तो छावणीच्या फाटकाशी पडला. नुसती सुट्टी चालू असती तर तो त्या रात्री आमच्याकडे झोपलेला असता, माझ्या शेजारच्या चटईवर, तोंड उघडं टाकून.

"कधीपासून माहीत आहे तुला हे?" मी विचारलं.

"पंचाहत्तरपासून. पहिल्याच दिवशी आईनं सांगितलं ना, रेडिओनं जेवता जेवता उठवला म्हणून. मी तारीख विचारली. तिथंच कळलं."

मला त्याचा राग आला. खरंच आला, कॉफीचा पेला त्याच्या अंगावर फेकावा असा. आणि त्याच क्षणी मला तिसऱ्या दिवसाचं कोडं सुटलं. देशाचं पंचांग एकच होतं म्हटलं की कुणी आधी गेलंच नाही. रेडिओ वेळेवर बोलला, लुआन वेळेवर मेला. इतकी वर्षं हा माणूस दरवर्षी आमच्याकडे मासा खायला नव्हता येत, एक दिवस पुसून टाकायला येत होता. आणि राग आला असतानाच मला हेही दिसत होतं की एवढ्या प्रचंड युद्धात, जिनिव्हाच्या टेबलापासून ते रशियाच्या तोफांपर्यंत, अमेरिकेच्या विमानांपर्यंत, हजार माणसांनी हजार गोष्टी केल्या, त्यातला एकही माणूस माझ्या हाती लागायचा नाही. हाती लागला तो एकच, स्टुलावर गुडघे दुमडून बसलेला, ज्याला आईनं दहाव्या वर्षी मागे टाकलं तो. हा काय न्याय झाला?

"दुसऱ्या दिवशी ये," मी म्हटलं. "पण आईला हे सांगू नकोस."

"तेच सांगायला येतोय."

"तिचे चार दिवस राहिलेत, दादा! कशाला? तुझं ओझं हलकं करायला?"

"हो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी ती नसेल. मग कुणाला सांगू? तुला सांगून काय होतंय, बघतेयस ना."

"ती तुझं तोंड बघणार नाही पुन्हा."

"आत्ता कुठं बघते?" तो उठला, माझ्याही कॉफीचे पैसे ठेवले. "तू दोन्ही दिवसांचं जेवलीस, थोआ. तुला दोन्हीकडचं गोड लागतं. मला एकाही दिवसाचा घास कधी गेलेला नाही."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. केळीची पानं आणली, धुतली, पुसली. तांदूळ भिजवले. मी वडीला दोरा आवळत होते, आई म्हणाली, "सैल बांधतेस, पाणी जाईल आत." रस्त्यात फटाके उडाले की मी दचकायची, आणि अडुसष्टच्या त्या रात्रीही आम्ही आधी फटाकेच समजलो होतो हे आठवून पुन्हा दचकायची. कधी वाटायचं की दादाला निरोप पाठवावा, आई फार आजारी आहे, येऊ नकोस. कधी वाटायचं की आपणच आईला हळूच सांगून टाकावं, म्हणजे त्याच्या तोंडून ऐकायला नको. रात्री झोपेत तिचा हात पोटावर असायचा, जिथं गाठ आहे तिथं. मी तिच्याकडे बघत विचार करायची की आईला काय जास्त लागतं, खरं की शांती, आणि मला एवढीही माहिती नाही आपल्या आईची. तेतचा पहिला दिवस आला आणि गेला. पाहुणे आले, पैशांची लाल पाकिटं दिली-घेतली, सगळे हसले. आई पडल्या पडल्या सगळ्यांना आशीर्वाद देत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं होतं. तिच्यापासून काही लपवणं म्हणजे उघड्या टोपलीत कोंबडी लपवणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांस शिजवलं, नारळाचं पाणी घालून. भाताची वाटी, वडी, मासा, चॉपस्टिक्स, सगळं फोटोपुढे मांडलं. फोटो शाळेतला आहे. लष्करी गणवेशातला दादानंच भिंतीवरून उतरवायला लावला होता, पंचाहत्तरमध्ये, आमच्याच भल्यासाठी. आईची खाट मी पुढच्या खोलीत, फोटोसमोर आणून ठेवली होती. तोच दारात सायकल लागल्याचा आवाज आला आणि दादा आत आला, एकटाच, वहिनीला न घेता. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. त्यानं चपला बाहेर नीट लावून ठेवल्या.

आईनं डोळे बारीक केले. "साहेब आज कसे? तुमचं तर उद्या ना?"

"आजच आलो, आई."

"पंचांग बदललं वाटतं सरकारनं पुन्हा."

मी घाईघाईनं म्हटलं, "दादा, बस ना, आधी चहा घे." तो बसला नाही. त्यानं फोटोपुढची उदबत्ती घेतली, पेटवली, रोवली. तिथपर्यंत सगळं दरवर्षीसारखं. आमच्यात मोठ्या माणसानं धाकट्यापुढे डोकं टेकायचं नसतं, धाकटा मेलेला असला तरीही. आई स्वतः इतक्या वर्षांत लुआनपुढे कधी वाकली नाही. उभ्यानं उदबत्ती लावायची, दोन शब्द बोलायचे, बस. दादालाही हे माहीत असणार असं मी धरून चालले होते. पण तो चटईवर गुडघे टेकून बसला, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि कपाळ फरशीला लावलं. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा कपाळ टेकलं ते वर उचललंच नाही.

बाहेर कुणाच्या तरी घरी कराओके लागला होता. आई खाटेवर उठून बसली, मी आधार द्यायला धावले तर तिनं माझा हात झटकला.

"काय केलंस तू त्याला?" ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याला तू म्हणाली, आणि तेही असं. मी मध्ये पडणार होते, काहीतरी खोटं बोलणार होते, तेवढ्यात तो बोलायला लागला. दादानं फरशीलाच सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, टपरीवर मला सांगितलं त्याहूनही थोडक्यात. आज की उद्या, त्यांनी मला विचारलं. मी आज म्हटलं. म्हणून रेडिओ बोलला.

आई ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, सुपारी चघळल्यासारखे, तोंडात काही नसताना. मला वाटलं ती आता ओरडेल, किंवा कोसळेल, किंवा म्हणेल की चालता हो. मी तिच्या आणि त्याच्या मध्ये उभी होते, आणि दोघांपैकी कुणाकडे तोंड करावं मला कळत नव्हतं.

"जेवता जेवता उठवलंस त्याला," ती म्हणाली.

"हो."

"अर्धी वडी होती पानावर. मी तीन दिवस झाकून ठेवली. येतो म्हणाला होता."

दादाची पाठ हलायला लागली. आवाज नव्हता, नुसती पाठ. सदऱ्याची इस्त्री मोडत होती. आई त्या पाठीकडे बघत राहिली. बराच वेळ, इतका की उदबत्तीची राख वाकून पडली.

"ऊठ," ती शेवटी म्हणाली. "मोठ्यानं धाकट्यापुढे डोकं टेकू नये. तो तिकडे लाजून मरेल. कुणी शिकवलं नाही तुला?"

"नाही," दादा म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी बघितलं नव्हतं, दुधाची भुकटी वाटली त्या बोटीवरही नाही. "कोण शिकवणार," ती हळू म्हणाली. "मी निघून आले. दहा वर्षांचा होतास." मग माझ्याकडे वळून, "थोआ, मला खाली उतरव."

मी तिला काखेत धरून उतरवलं. हाडं तेवढी उरली होती, तरी ती माझ्या खांद्यावर जड लागली. तिनं वाकून दादाची कॉलर धरली, पोराला उठवतात तशी, आणि ओढली. तो उठला. डोळे पुसायचंही भान त्याला नव्हतं.

"नीट उभा राहा. पाय जुळवू नकोस, ही कवायत नाही. तू मोठा आहेस. मोठा वाकत नाही, मोठा हुकूम सोडतो. अन्न गार होतंय. त्याला हाक मार जेवायला."

दादानं फोटोकडे बघितलं. घसा साफ केला. "लुआन, ये, जेवायला..."

"लुआन?" आई म्हणाली. "लुआन त्याला शाळेत म्हणायचे, छावणीत म्हणायचे. तू काय म्हणायचास त्याला, गावी नदीवर न्यायचास तेव्हा?"

त्याच्या कपाळावर फरशीचा डाग उमटला होता. मला वाटलं विसरला, अडतीस वर्षं झाली, कुणीही विसरेल. मग त्याचे ओठ हलले आणि इतकं हळू, की मी शेजारी उभी असूनही जेमतेम ऐकू आलं, तो म्हणाला, "पिल्ल्या. ए पिल्ल्या, जेवायला चल."

आईनं त्याचा दंड घट्ट धरला.

"मोठ्यानं मार," ती म्हणाली. "पहिल्या हाकेला तो कधी आलाय?"